पडलेलं झाड कुणाचं?

धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाताना रस्त्यात झाड आडवं दिसलं की आम्ही मोटारसायकल पन्नास पावलं अलीकडेच उभी करायचो आणि आधी बुंधा बघायचो. मुळं मातीसकट उपटून वर आलेली असली, तर ते वाऱ्याचं काम. बुंध्यावर कुऱ्हाडीचे घाव असले आणि बाजूला लाल कापडाचा फलक असला, तर दादालोकांचा, म्हणजे नक्षलवाद्यांचा, बंद. वाऱ्याने पाडलेल्या झाडाला हात लावायचा, कुऱ्हाडीने पाडलेल्याला लावायचा नाही, कारण त्याच्याखाली काय पुरून ठेवलं असेल ते सांगता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात मी तलाठी म्हणून लागलो, तेव्हा एका म्हाताऱ्या कोतवालाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. सातबारा कसा लिहायचा ते मी त्यानंतर शिकलो.

आता ती भीती बरीच ओसरली आहे. पण आडव्या झाडापुढे उभं राहिल्यावर दुसरा एक प्रश्न पडतो. तो तेव्हाही होता आणि आजही आहे: हे झाड कुणाचं? वादळानंतर सरकारी मदत किती लवकर पोचते, रस्ता किती तासांत मोकळा होतो, घरात दिवा कधी लागतो आणि नुकसान झालेल्याच्या हातात काय पडतं, यातलं बरंचसं या एका प्रश्नाभोवती फिरतं. मी तलाठी होतो, पुढे मंडळ अधिकारी झालो, आता निवृत्त आहे. आमच्याकडे लोक तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात. सरकारने २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’. काम तेच आहे. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गावात जायचं आणि जे मोडलं ते कागदावर आणायचं.

आमच्या भागातलं वादळ समुद्रकाठच्या वादळासारखं चार दिवस आधी कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जमीन तापून हवा वर उठते, बंगालच्या उपसागराकडून ओल येते आणि दुपारनंतर तासा-दोन तासांत उंचच उंच काळा ढग उभा राहतो. त्यातून पाऊस सुटला की पावसाबरोबर थंड झालेली जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. भरलेली बादली अंगणात एकदम पालथी केल्यावर पाणी जसं पसरतं, तशी. म्हणूनच एका गावातली वीस घरं उघडी पडतात आणि कोसभरावरच्या गावात पानही हललेलं नसतं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा येतो, पिवळा किंवा नारिंगी, ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. वादळ नेमकं कुठल्या टोल्यावर उतरेल, हे त्यात नसतं.

हा वारा काय करू शकतो, याचं अलीकडचं उदाहरण सिरोंच्याच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे तेलंगणात आहे. मुलुगू जिल्ह्यातल्या ताडवाई-मेडारमच्या जंगलात ३१ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी वारा उतरला आणि काही तासांत सुमारे ५०,००० झाडं भुईसपाट झाली. ते अभयारण्य होतं, तिथे दाट वस्ती नव्हती. तोच वारा भामरागड किंवा अहेरी तालुक्यातल्या एखाद्या गावावर उतरला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

वादळाची वेळही वाईट असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून अंगणात वाळत घातलेली असतात. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे जंगलात जाऊन पानं आणायची, घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे आणि तिथे ते उन्हात वाळवायचे. वर्षभरातला हाच काळ घरात रोख पैसा आणतो. त्यातच वादळ आलं की फळीवरचे पुडे भिजून काळे पडतात आणि गारांनी झाडावरच्या पानांना भोकं पडतात. अशा वेळी गावातला माणूस छपरापेक्षा आधी पानं झाकायला पळतो. ताडपत्री एकच असते. ती घरावर टाकायची की पुड्यांवर, याचा निर्णय त्याला अंधारात, विजा चमकत असताना घ्यावा लागतो.

पहिली रात्र पूर्णपणे गावाची असते. तार तुटते, डीपी उडतो. थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाईलही मुका होतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, पण लावायचा कशावरून? माझ्या नोकरीत कितीतरी वेळा वादळाची पहिली खबर तहसीलला पोलीस मदत केंद्राच्या बिनतारी संचावरून पोचली. नाहीतर पोलीस पाटलाचा मुलगा झाडं चुकवत मोटारसायकलने आला, तेव्हा कळली. खबर कोतवाल किंवा पोलीस पाटलाकडून तलाठ्याला, तलाठ्याकडून तहसीलदाराला, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, अशी जाते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कागदावर ही साखळी चांगली आहे. तिची पहिली कडी मात्र पायी चालते.

आणि सकाळी उजाडताना रस्त्यावर कुऱ्हाडी घेऊन गावातली पोरं उभी असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. एखाद्या घरात बाळंतीण असते, कुणाला ताप असतो, बस यायची असते. बांधकाम विभागाचा जेसीबी तालुक्याच्या गावाहून निघून पहिल्या झाडाशी अडकलेला असतो. पोरं इकडून तोडत जातात, जेसीबी तिकडून ढकलत येतो. मधे कुठेतरी दोघांची भेट होते. साकोली-सिरोंचा राष्ट्रीय महामार्गावर सागाच्या जंगलातून जाणाऱ्या भागात मी हे पाहिलं आहे. बायका पोरांसाठी पाणी आणि आंबील घेऊन तिथपर्यंत आल्या होत्या. या मजुरीचा हजेरीपट कुठेही लागत नाही.

खरा पेच इथेच सुरू होतो. झाड कापलं, आता लाकडाचं काय? शेतातलं झाड शेतकऱ्याचं. गावठाणातलं ग्रामपंचायतीचं. रस्त्याच्या कडेचं ज्याचा रस्ता त्याचं, म्हणजे बांधकाम विभागाचं किंवा जिल्हा परिषदेचं. रस्ता राखीव जंगलातून जात असेल तर वनविभागाचं. तारेवर पडलेलं झाड यांपैकी कुणाचंही असलं तरी तारेपासून त्याला महावितरणचा लाईनमनच सोडवणार, कारण प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय इतर कुणी हात लावणं म्हणजे जीव देणं. आमच्या भागात एकच मोठा ऐन कधी कधी वनविभागाच्या जमिनीत उगवलेला, रस्त्यावर पडलेला आणि तार घेऊन पडलेला असतो. तीन कार्यालयांची तीन माणसं येईपर्यंत त्याला कुणी हलवायचं नाही, असा समज लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे. तो उगाच बसलेला नाही. रस्ता मोकळा करण्यासाठी तोडलेलं सागाचं लाकूड घरी नेलं म्हणून चौकशी मागे लागलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून पोरं आता एवढंच करतात: मोटारसायकल निघेल इतकी फट पाडतात आणि खोड तसंच सोडून देतात. चारचाकी, म्हणजे रुग्णवाहिकासुद्धा, पुन्हा अडलेलीच राहते.

स्वतःच्या शेतातलं झाडही पूर्णपणे स्वतःचं नसतं. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ, बिजा अशी झाडं आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. वाऱ्याने पाडलं तर परवानगीचा प्रश्न मिटला असं शेतकऱ्याला वाटतं. पण सागाचं लाकूड शेताबाहेर न्यायचं तर वाहतूक पास लागतो, लाकडावर हातोड्याचा शिक्का लागतो. शेतकरी आदिवासी असेल तर १९६९ चा आणखी एक कायदा लागू होतो. त्याची झाडं व्यापाऱ्याला थेट विकता येत नाहीत, विक्री सरकारमार्फत होते. हा कायदा चांगल्या हेतूने आला. पूर्वी ठेकेदार दारूच्या बाटलीवर आणि चार नोटांवर अख्खं शेत बोडकं करून न्यायचे. त्या कायद्याने कितीतरी कुटुंबं वाचवली, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण वादळाने पडलेल्या एका सागासाठी तीच सगळी वाट चालावी लागते आणि तोवर दोन पावसाळे खाऊन लाकूड सरपणाच्या लायकीचं होतं.

जंगलाच्या आत तर आणखी गंमत नव्हे, गुंतागुंत आहे. वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले. बांबूच्या वाहतुकीचे परवाने त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात बांबू आहे, तेंदूची पानं आहेत, मध आहे आणि झुडपी लाकूड व झाडांचे खुंटही आहेत. इमारती लाकूड मात्र नाही. म्हणजे ग्रामसभेच्या जंगलात वादळाने साग पडला, तर त्याचा खुंट गावाचा आणि खोड सरकारचं. पडलेली बांबूची रांजी (बेट) गावाची, तिच्यावर पडलेला साग गावाचा नाही. एका ग्रामसभेत मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “पटवारी साहेब, वाऱ्याले हे मालूम असतं तर त्यानं खुंट अन् खोड अलग अलग पाडलं असतं जी.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं आणि मलाही त्याला नीट उत्तर देता आलं नाही.

चंद्रपूरकडे ताडोब्यात तिसराच नियम. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० ला आदेश दिला, की राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरणाला टेकलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडं बाहेर काढायची नाहीत. पडलेल्या खोडात वाळवी येते, वाळवीमागे अस्वल येतं, पोकळीत साळिंदर राहतं, कुजलेल्या लाकडावर नवी रोपं उठतात. जंगलाला ते झाड हवं असतं. ‘सफाई’ हा शब्द आपण गावात वापरतो तसा जंगलात वापरता येत नाही, हे त्या आदेशाने मला शिकवलं. पण ताडोब्याच्या सीमेवरच्या बाईला हे कसं सांगायचं? तिच्या चुलीला लाकूड हवं, ते कुंपणापलीकडे दोनशे पावलांवर पडलंय, आणि तिथे वाघ आहे व नियमही आहे.

आता घरांकडे येतो, कारण पटवाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते.

पंचनामा म्हणजे पंचांच्या साक्षीने केलेली नोंद. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून गावात फिरतात. आधी कारण लिहायचं. केंद्र सरकारच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट, ढगफुटी आहे. राज्याने आपल्या अधिकारात अवेळी पाऊस, वीज कोसळणे यांसारख्या आपत्ती जोडल्या. आमच्याकडचा नुसता कोरडा वारा या नावांत सहज बसत नाही. म्हणून आम्ही नेहमी ‘वादळी वारा व अवेळी पाऊस’ असं जोडून लिहायचो. पाऊस चार थेंब पडलेला असला तरी तो लिहायला विसरायचं नाही, हे नव्या तलाठ्याला मी आवर्जून सांगायचो.

मग नुकसान. केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात. अंशतः पडलं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, आणि तेही पडझड किमान १५ टक्के असेल तरच. झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं, पण पाया हाच. आता या आकड्यांकडे पटवाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. समोर मातीच्या भिंतींचं घर आहे. कवेलू खाली आलेत, आडं मोडलंय, वासे लोंबकळतायत, एक भिंत फुगली आहे पण उभी आहे. हे घर ‘पूर्णतः’ पडलं की ‘अंशतः’? एका शब्दात लाखाहून जास्त रुपयांचा फरक आहे आणि मधे पायरीच नाही. पक्क्या घरासाठी अभियंता येतो. मातीच्या घरासाठी बहुतेक वेळा तलाठ्याची नजर हाच मापदंड असतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशीच एक फुगलेली भिंत ‘उभी आहे’ म्हणून अंशतः लिहिली. भिंत उभी होती हे खरं होतं. आठ दिवसांनी पाऊस आला आणि ती पडली. सुदैवाने घरातले लोक भावाकडे झोपायला गेले होते. पुन्हा पंचनामा करता येतो का, म्हणून त्या माणसाने ज्या कार्यालयाच्या चकरा मारल्या, तिथे त्याला सांगितलं गेलं की एका वादळाचा एकच पंचनामा होतो. ती चूक माझी होती. त्यानंतर मी मातीच्या भिंतीला हात लावून, ओळंबा सोडून बघितल्याशिवाय कधीही ‘अंशतः’ हा शब्द लिहिला नाही. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ओळंबा सोबत ठेवावा. चार आण्याची दोरी आणि एक नट, एवढ्यात होतो.

छपराबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. कवेलूचं छप्पर वाऱ्याने विस्कटतं, पण तुकड्यातुकड्यांनी जागच्या जागी पडतं. दोन-तीन दिवसांत माणसं वर चढून ते पुन्हा शाकारतात आणि अर्धे कवेलू परत वापरात येतात. टिनाचं छप्पर अख्खं उडतं. पत्रा हवेत फिरला की तो गुरं कापतो, माणसं कापतो, तारेवर बसला की अख्ख्या गावाचा दिवा घालवतो. गेल्या वीस वर्षांत आमच्या गावांची छपरं झपाट्याने टिनाची झाली, कारण कवेलू करणारे कुंभार उरले नाहीत आणि माकडांनी उच्छाद मांडला. पण टिनाला वाशाशी बांधायचे हुक आणि बोल्ट तेवढ्याच काळजीने बसवायला कुणी शिकवलं नाही. लोक पत्र्यावर दगड ठेवतात. वादळात तो दगडही खाली येतो, पाळण्यातल्या मुलाच्या अंगावर. छपराचा प्रत्येक पत्रा कडेच्या ओळीत दुप्पट हुकांनी बांधायचा, हे घरकुलाच्या हप्त्याबरोबर सांगितलं तर कितीतरी पंचनामे करावेच लागणार नाहीत.

आणि मोह. या झाडाबद्दल मी इतकी वर्षं ऐकून घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याशी बोललो आहे. गोंड-माडिया कुटुंबात मोहाची झाडं वाटणीला येतात. हे झाड थोरल्याचं, ते धाकट्याचं, बांधावरचं बहिणीचं. फुलं वाळवून विकतात, घरी खातात, टोयीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढतात. लावल्यापासून चांगली फुलं यायला एक पिढी लागते. मोहाची मुळं खोल जाण्यापेक्षा वरच्या वर पसरतात. धानाच्या बांदीच्या धुऱ्यावर उभं असलं तर दर वर्षी नांगर आणि आता ट्रॅक्टर ती मुळं तोडत येतो. शिवाय फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात, त्या आगीने बुंधा वर्षानुवर्षं भाजत पोकळ होतो. वरून हिरवागार दिसणारा डेरेदार मोह म्हणूनच पहिल्या मोठ्या वाऱ्याला जातो.

तो पडला की पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. पिकाची भरपाई हेक्टरवर आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर मिळते. बहुवार्षिक फळबागेलाही हेक्टरी दर आहे. गाय गेली तर ३७,५०० रुपये, बैल गेला तर ३२,०००, शेळीला ४,०००. ज्या झाडाने तीन पिढ्या पोसल्या, त्या एकट्या झाडाला काहीच नाही. मी घर-गोठ्याची मापं घेत असताना एक आजी माझ्यामागे मागे फिरत होती. तिचं घर शाबूत होतं. शेवटी मी विचारलं, “आजी, तुमचं काय पडलं?” ती म्हणाली, “माझा मोह पडला. लिव ना जी.” मी तो ‘शेरा’ या रकान्यात लिहिला: मोह, मोठा, एक, मुळासकट. त्यातून तिला एक रुपयाही मिळणार नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही मी ते सांगितलं. ती म्हणाली, लिहून तर ठेव. त्या दिवसापासून मी एक वेगळी वही केली. पुढे जिथे जिथे पंचनाम्याला गेलो, तिथे पडलेले मोह गाववार, कुटुंबवार त्या वहीत लिहीत गेलो.

नोकरीच्या अखेरीला वादळाऐवजी पुराने साफसफाईचा मोठा धडा दिला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात आणि वरच्या भागात पाऊस झाला, संजय सरोवराचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा दोन्ही काठांवर चढली. पलीकडे ब्रह्मपुरी तालुक्यात लाडजसारखी गावं पाण्याने वेढली गेली, अलीकडे देसाईगंज आणि आरमोरी तालुक्यांतली शिवारं बुडाली. पाणी उतरल्यावर जे दिसलं, त्याला मलबा हा शब्द अपुरा आहे. गुडघाभर चिखल, त्यात फुगलेलं धान, युरियाची फाटलेली पोती, मेलेल्या कोंबड्या, मुलांची पुस्तकं, आणि सगळ्यावर एक आंबट वास. वादळाचा कचरा कोरडा असतो, तो थांबू शकतो. पुराचा कचरा तीन दिवसांत रोग होतो. म्हणून क्रम ठरलेला असतो: आधी मेलेली जनावरं चुना टाकून खोल पुरायची, मग विहिरी आणि हातपंप. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर घेऊन दारोदार फिरतो, आशाताई ताप बघतात, आणि गल्लीतला चिखल ट्रॅक्टरच्या मागच्या फळीने ओढून काढतात. त्यातही शेतातल्या गाळाची भरपाई हवी तर थर तीन इंचांपेक्षा जास्त असावा लागतो. २०२२ च्या निकषांत त्याचा दर हेक्टरी १८,००० रुपये आहे. मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बांदीबांदीतून गाळ मोजत फिरलो. एकाच बांदीत एका कोपऱ्यात पाच इंच आणि दुसऱ्यात दोन. मी प्रत्येक बांदीत चार ठिकाणी मोजायचो आणि शेतकऱ्याला पट्टी स्वतःच्या हाताने रोवायला सांगायचो.

त्याच निकषांत आणखी एक ओळ आहे आणि ती बहुतेक सरपंचांना माहीत नसते. सार्वजनिक जागेवरचा मलबा हटवण्यासाठी काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांपर्यंतचा प्रत्यक्ष खर्च आपत्ती निधीतून देता येतो, राज्याच्या समितीने गरज मान्य केली तर. म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल, जेसीबीचं भाडं, पोरांची मजुरी, हे सगळं कागदावर मागता येण्यासारखं आहे. पण मागायचं तर त्याच दिवशी नोंद हवी: कोणत्या गाडीने किती फेऱ्या केल्या, किती माणसं होती, फोटो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक घरांच्या पंचनाम्यात असतो आणि मलब्याची वही कुणीच उघडत नाही. महिन्याभराने हिशोब करायला बसलं की आठवणीवर कुणी पैसे देत नाही. ग्रामपंचायत मग घरपट्टीच्या तुटपुंज्या पैशातून डिझेल भरते, पोरांचे आभार मानते आणि पुढच्या वादळाला पोरं थोडी कमी येतात. पंचनामे आता मोबाईलवर होतात. ई-पंचनाम्याची सुरुवात २०२३ मध्ये आमच्या नागपूर विभागातूनच झाली, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. त्याच मोबाईलमध्ये मलब्याचं एक पान आणि पडलेल्या झाडांचं एक पान जोडायला काय लागेल?

आणि पडलेल्या झाडासाठी एक साधी गोष्ट आधी ठरवून ठेवता येईल. वादळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, मार्चमध्ये, तहसीलदाराने वनविभाग, बांधकाम, महावितरण आणि ग्रामसभा यांना एकत्र बसवावं. रस्ता मोकळा करायला कुणीही झाड तोडावं, लाकूड गावातल्या एका ठरलेल्या जागी रचावं, पंचांसमोर मोजावं, आणि ते कुणाचं ते नंतर ठरवावं. गावात मशीनची करवत कुणाकडे आहे, त्याचं नाव यादीत असावं, आणि लाईनमनचा नंबर त्याच्याजवळ. एका तालुक्यात एका हंगामापुरतं आम्ही हे तोंडी करून पाहिलं होतं. रस्ते दुपारच्या आत सुटले आणि एकही ओंडका चोरीला गेला नाही, कारण रचलेल्या लाकडावर सगळ्या गावाचा डोळा होता. पुढच्या वर्षी साहेब बदलले आणि लेखी काहीच नसल्याने ते तिथेच राहिलं.

मोहाची ती वही निवृत्तीनंतर माझ्या कपाटात पडून होती. ती कुठल्या कार्यालयात द्यावी ते मला कळेना, कारण तिला कुठलाच नमुना नाही. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी धानोरा तालुक्यातल्या त्याच गावी गेलो, जिथे ती वही सुरू झाली होती. गोटुलाजवळ ग्रामसभा बसली होती. पाण्याचा विषय संपल्यावर मी वही उघडून एकेक नाव वाचलं. कुणाचा मोह, कुठल्या धुऱ्यावर, किती जुना. लोक नुसते ऐकत होते. आजी आता फार वाकली आहे, तिच्या नातवाने तिला हात धरून आणलं होतं. तिचं नाव आलं, मी वाचलं, “मोह, मोठा, एक.”

ती बसल्या जागेवरून म्हणाली, “एक नाही जी, दोन. दुसरा तू गेल्यावर रात्री पडला.”

मी पेन काढलं आणि एकाचे दोन केले. वही आता ग्रामसभेच्या पेटीत आहे.